मागच्या सीटवरचे आप्पा

मार्गशीर्षातल्या रविवारी सकाळी भीमेवरून उठलेलं धुकं आमच्या गल्लीपर्यंत सरकत यायचं. त्या पांढऱ्या निःशब्दतेला पहिला तडा जायचा तो साळवे आप्पांच्या मोटारसायकलच्या आवाजानं. तीन किका कोरड्या जात, चौथीला यंत्राच्या घशात खाकरल्यासारखं काही होई आणि मग तो संथ, भरदार ठेका सुरू होई. त्या ठेक्यावर आप्पा काहीतरी गुणगुणत. ते गीत होतं की प्रार्थना, हे भिंतीपलीकडून मला कधी उमगलं नाही. अंगात करडा लोकरी कोट, कानांभोवती मफलर, टाकीवर पट्ट्यानं बांधलेली कातडी पिशवी आणि पिशवीत काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र, म्हणजे बायबल. साठीला टेकलेला हा पाळक धुक्यात शिरे, तेव्हा आधी माणूस पुसट होई, मग गाडी, आणि आवाज मात्र रेल्वे फाटकापर्यंत ऐकू येत राही.

नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. दौंडात रेल्वेत नोकरीला असलेली मोजकी ख्रिस्ती कुटुंबं आणि शिरूरला एका घराच्या पुढच्या खोलीत जमणारी छोटी मंडळी, हा आप्पांचा सारा संसार. रविवारी सकाळी इथली उपासना आटोपायची आणि दुपारी न्हावऱ्यावरून शिरूर गाठायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. मी त्यांची शेजारीण, कुरकुंभच्या बाजूच्या एका उपकेंद्रातली नर्स. आमचं घर बौद्ध. संध्याकाळी माझी आई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, त्याच वेळी पलीकडे मार्थामावशी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, जेवणाआधीची प्रार्थना म्हणत असायच्या. एकदा मी हसत विचारलं होतं, "आप्पा, मला कधी तुमच्यात ओढत नाही तुम्ही?"

"तुझ्या घरात उजेड हाय की," ते म्हणाले. "मी काय दिवे इकायला निघालो न्हाई."

माझ्या वाड्यावस्त्यांना एसटी जात नसे. बाळंतिणीच्या दारात पोहोचेपर्यंत उन्हं डोक्यावर येत. हे पाहून एके दिवशी आप्पाच म्हणाले, "सुजाता, गाडी शिक. आठवड्याचे सहा दिवस ती नुसती उभी असती." मोटारसायकलवर बाई, हे दृश्य त्या काळी आमच्या गावाला नवं होतं. रुळांकडेच्या मोकळ्या मैदानावर मी पहिल्यांदा क्लच सोडला, तेव्हा कुंपणावर बघ्यांची रांगच लागली होती. आप्पा मागं बसून शांत स्वरात सांगत, "गाडीला भ्यायचं न्हाई आन् दटवायचंबी न्हाई. वळणावर ती कलती, तसं तूबी कल. अंग चोरलंस की पडलीस."

"श्रद्धेचंही असंच असतं का?" मी खोडी काढली.

"ते पडून बघितल्याबिगर सांगता येत न्हाई."

असे ते धडे चालत. गाडीचे आणि त्यांच्या श्रद्धेचे, एकात एक मिसळलेले. मला प्रश्न विचारायची खोड, आणि प्रश्न आला की त्यांच्या मुद्रेवर उन्हाची तिरीप पडल्यासारखा आनंद उमटे. फक्त एकदाच तो उमटला नाही. मी विचारलं होतं, "तुमचा देव क्षमा करतो म्हणता. पण ज्याचं वाटोळं झालं, त्याला कुणी विचारतं का?" "ह्याचं उत्तर मला नीट येत न्हाई, पोरी," ते म्हणाले.

दिवाळी तोंडावर आली होती. त्या रविवारी शिरूरला माझं काम होतं, म्हणून मी त्यांच्या मागं बसून गेले होते. परतताना उतरत्या दुपारचं पिवळंधमक ऊन दोन्ही कडेच्या झेंडूवर असं सांडलं होतं की फूल कुठलं आणि ऊन कुठलं, हे कळू नये. इनामगावच्या अलीकडे डाव्या हाताच्या पायवाटेनं एक बाई डोक्यावर फुलांची पाटी घेऊन रस्त्यावर आली. मला ती चांगली दूरवरून दिसली. आप्पा आता वेग कमी करतील, असं मी मनाशी म्हणते आहे, तोवर हँडल पाटीला अडकलं. बाई कोलमडली, आम्ही पुढं जाऊन कसेबसे सावरलो. काळ्या डांबरावर झेंडूच झेंडू झाला.

तिचं उजवं मनगट मोडलं होतं. पाटीची फुटकी कांब आणि माझी ओढणी यांनी मी हात बांधला. जमलेल्या लोकांसमोर ती बिचारी कळवळत म्हणत होती, "मीच आडवी आले, आबा. तुमची काय चूक न्हाई." आप्पा तिच्याजवळ उकिडवे बसले होते. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्यांचं ते मौन मला गाडीच्या धडकेहून मोठं वाटलं. कारण त्यांनी ब्रेकला पाय लावलाच नव्हता, हे मागं बसलेल्या मला ठाऊक होतं.

हिराबाईला, म्हणजे त्या बाईला, दवाखान्यात पोहोचवून आम्ही घरी आलो. आप्पा ओट्यावर बसले. मी पाण्याचा पेला त्यांच्या समोर न धरता कानाच्या बाजूला धरला. ते तसेच पुढं पाहत राहिले. पेला तिथं आहे, हे त्यांना कळलंच नाही.

"आप्पा, तुम्हाला बाजूचं दिसत नाही."

त्यांनी मान वळवली आणि पेल्याकडे पाहिलं. "नाकासमोरचं दिसतं."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली. काचबिंदू म्हणाले डॉक्टर."

दोन वर्षं! मला गाडी शिकवायला लागून वर्ष झालं होतं. माझ्या मनात काहीतरी खळकन फुटलं. "म्हणजे मला शिकवलंत ते यासाठी?"

"तुझ्यासाठीबी, आन् माझ्यासाठीबी," ते हळूच म्हणाले. "पर तुला सांगायचं धाडस झालं न्हाई. गाडी सुटली की शिरूर सुटतंय, आन् शिरूर सुटलं की मी कोण, असं वाटायचं."

मी पेला तिथंच ठेवून घरात निघून गेले. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. भिंतीपलीकडची प्रार्थना रोज ऐकू येई आणि रोज मला ती खोटी वाटे. शनिवारी संध्याकाळी ते आमच्या दाराशी आले आणि गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "उद्या शिरूरला जायचं न्हाई. हिराबाईकडं जायचंय. चालवशील?"

त्या रविवारी ते पहिल्यांदा माझ्या मागं बसले ते शिकवायला म्हणून नव्हे. हिराबाईच्या अंगणात प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती बसली होती. आप्पांनी टोपी काढली आणि उभ्यानंच सारं सांगितलं. मला दिसत नाही, दोन वर्षं लपवलं, त्या दिवशी तू बोललीस तेव्हा गप्प बसलो.

हिराबाईनं गळ्यातला हात सावरला. "म्हंजी आठ दिस मी सोताला शिव्या घातल्या, त्या फुकट? घरात जो तो म्हणतोय, डोळे फुटले हुते का तुझे. आन् डोळे फुटले हुते तुमचे!"

"व्हय," आप्पा म्हणाले. "माफ कर म्हणायला मी आलो न्हाई. तुझी चूक नव्हती, हे तुझ्या घरच्यांम्होरं सांगायला आलोय."

ती तटकन उठली. "आत्याबाई, भाईर या. आबा काय म्हणत्यात ऐका." सासू आली, नवरा आला. "आता पुन्यांदा म्हणा," हिराबाई म्हणाली. आणि आयुष्यभर लोकांसमोर उभं राहून बोललेला तो माणूस पहिल्यांदा शाळकरी मुलासारखा अडखळत, थांबत, तीच कबुली पुन्हा म्हणाला. सासूनं पदर ओढून खाली पाहिलं. माझा राग नेमका कुठल्या शब्दापाशी ओसरला, ते मला सांगता येणार नाही.

"चहा घ्या," हिराबाई शेवटी म्हणाली. "माफीचं मागून बघू. फुलं ऱ्हायलीत तोडायची."

आप्पांनी कोट काढून बाभळीला अडकवला. दुपारभर ते घरामागच्या वाफ्यात बसून झेंडू खुडत होते, डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त. उमललेलं फूल आणि मुकी कळी यांतला भेद त्यांची बोटं लवकर शिकली. पलीकडच्या ओळीत मी होते, आणि डाव्या हातानं पाटी सरकवत हिराबाई.

पुढच्या रविवारी शिरूरच्या खोलीत त्यांनी शास्त्र उघडलं, पुन्हा मिटलं, आणि हीच हकिकत सांगितली. मंडळीतले काही नाराज झाले. दोन घरं काही महिने आली नाहीत. आप्पा कुणाच्या मागं लागले नाहीत.

त्यानंतर दहा वर्षं रविवारी मी गाडी चालवली आणि ते मागं बसले. समोरचं दिसणंही हळूहळू विझत गेलं. मग ते मला विचारत, "ऊस तुऱ्यावर आला का? घोड नदीला पाणी हाय का?" मी सांगत जाई आणि ते "हां, हां" करत ऐकत. माझ्या शब्दांतून त्यांच्या आत एक नवाच रस्ता आखला जात असावा. पावसाळ्यात दोघंही चिखलानं माखून पोहोचायचो आणि शिरूरच्या बायका आम्हाला आधी हातपाय धुवायला पिटाळायच्या. उपासना चालू असताना मी बाहेर ओट्यावर बसे. ते कधी आत ये म्हणाले नाहीत. दार मात्र उघडं ठेवायला सांगत.

एका वैशाखात, भर उन्हाच्या शांत प्रहरी, झोपेतच ते गेले. दफनाला हिराबाई आली होती. मुठीतली माती सोडताना ती मला म्हणाली, "त्येंला मी कवाच माफ केलं हुतं, पर सांगायचं ऱ्हाऊन गेलं." मार्थामावशींनी तिला जवळ घेतलं.

आता मी निवृत्त झाले आहे आणि त्यांच्या त्या दिवसांच्या वयाला येऊन पोहोचले आहे. गेलेल्या माणसाचं वय थांबतं, आपलं चालत राहतं, आणि एके दिवशी आपण त्याच्या शेजारी येऊन उभे राहतो. तेव्हा कळतं की त्याची उणीव आपल्याला भासते, ती त्याच्या थोरवीसाठी नव्हेच. इतक्या उशिरा, सगळ्यांदेखत, आपण चुकलो असं म्हणताना त्याच्या आवाजात जो कंप होता, तो ऐकलेलं आता आपल्याखेरीज फारसं कुणी उरलेलं नाही, म्हणून.