मदतनिसाचे नाते

जव्हारच्या कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या साहेबलोक बसून बसून खचवत आणि नौशीनआपा त्या पुन्हा विणून देत. दोन्ही बाजूंनी हा उद्योग नेमाने चालू होता. आपा जन्मापासून आंधळ्या. वय पंचेचाळीस, घरात एकट्या. दिवसभरात कानावर पडणारं वाक्य एकच, "आपा, खुर्ची झाली का?" खुर्ची झाली की तेही बंद.

ठाण्याला तीन महिने राहून त्या बोलणारा कॉम्प्युटर शिकून आल्या होत्या. म्हणून २००९ साली रेडिओवर ऐकलं, की अंधांसाठी एक ऑनलाइन पाहणी निघाली आहे आणि फॉर्म भरणाऱ्यांतून काहींना तसला कॉम्प्युटर घरी मिळणार आहे, तेव्हा आपा हातातला वेत टाकून उठल्या. घरात कुणीतरी बोलणार होतं.

एसटी स्टँडजवळ तनवीरचं सायबर कॅफे होतं. त्याने बोलणारं सॉफ्टवेअर टाकलं, हेडफोन दिला. आपांनी कळफलकावर बोटं ठेवली. मशीन म्हणालं, "चौकट." मग म्हणालं, "चौकट." त्यानंतरही, "चौकट." कुठल्या चौकटीत काय लिहायचं, ते फक्त डोळ्यांना दिसत होतं. फॉर्म अंधांसाठी होता, एवढी बाब सोडली तर उत्तम होता.

"आपा, वयाच्या जागी जव्हार लिहिलंत."

"बरोबर आहे. सगळं वय इथंच गेलं."

शेवटी एक चित्र आलं. त्यातली वाकडी अक्षरं ओळखा आणि तुम्ही माणूस असल्याचं सिद्ध करा. आपांच्या वतीने ते तनवीरने सिद्ध केलं. लगेच पुढचा प्रश्न : मदत कुणी केली? नाते निवडा. आई, वडील, पती, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण.

"शेजारी नाही? दुकानदार?" आपांनी विचारलं.

"नाही. आणि रिकामं सोडलं तर पुढे सरकत नाही. भाऊ टाकू? मुंब्र्याला आहे ना?"

"तो ईदला येतो. आज काय ईद आहे?"

"कोण बघायला येतंय, आपा?"

"या यादीतलं माझ्याजवळ कुणी नाही, तर नाही. खोटं लिहून आणलेलं मशीन माझ्याशी खरं काय बोलणार?"

फॉर्म तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी आपांनी जाड कागद घेतला आणि ब्रेलमध्ये, एकेक ठिपका टोचून, दोन पानी पत्र लिहिलं. मी एकटी राहते, तुमच्या यादीत माझं कुणी नाही, तरी कॉम्प्युटर मला हवा आहे. अंधांची पाहणी करणाऱ्यांना अंधांची लिपी येतच असणार. पाकिटावरचा पत्ता आणि स्वतःचं नाव-गाव तेवढं त्यांनी तनवीरकडून शाईने लिहून घेतलं.

महिन्याने उत्तर आलं. आपा पाकीट घेऊन कॅफेत गेल्या. तनवीरने ते फोडलं आणि आधी मनातल्या मनात वाचलं.

"वाच की."

"'श्रीमती नौशीन शेख यांस. आपण पाठविलेले दोन कोरे कागद मिळाले. कृपया मजकूर लिहून पाठवावा, अथवा अर्ज ऑनलाइन भरावा. कुटुंबातील व्यक्तीची मदत घेण्यास हरकत नाही.'"

आपांनी कागदावर बोट टेकवलं.

"नाव बरोबर लिहिलंय?"

"हो."

"पहिल्यापासून वाच."

"आपा, यात काही नाहीये."

"कळलं मला. वाच."

तनवीरने दारातल्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबवलं आणि 'श्रीमती'पासून पुन्हा सुरुवात केली.