मागचे फुटरेस्ट

माझा जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेला. त्यामुळे बसण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सीट कितीही मऊ असू दे, पायाला आधार नसेल तर माणूस दहा मैलांत मोडतो. म्हणून बायको, सत्यशीला, जेव्हा म्हणाली, “आता बास. मला न्हाई जायाचं बीडला,” आणि जरा थांबून म्हणाली, “गाडीवर पाय लोंबतेत, कंबर जाते,” तेव्हा वाईट वाटायच्या ऐवजी मला हुरूपच आला. हे दुखणं माझ्या हातातलं होतं.

बाकीचं कुणाच्याच हातातलं नव्हतं. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नेकनूरहून बीडला डायलिसिसला न्यायचं आणि संध्याकाळी गळून गेलेल्या बाईला मोटारसायकलवर बसवून परत आणायचं. एसटीच्या गर्दीत तिला दम लागायचा. डायलिसिस बंद केलं तर फार तर दोन-तीन आठवडे, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

आमच्याकडं माझ्या वयाच्या माणसाची बायको गाडीवर एका अंगानं बसते. गावात असेपर्यंत नवऱ्याला हात लावत नाही, मागची दांडी धरते. वेस ओलांडली की मग खांदा. सत्यशीलेनं हे लग्न होऊन आल्यापासून पाळलं. आता तिच्या डाव्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली. त्या हातावर जोर द्यायचा नाही, आणि दांडी नेमकी डाव्याच हाताशी येते. तरी मारुतीच्या पारापुढून जाताना बाई दांडीच धरणार. मी कितीदा खवळलो, पण पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी मी गाडी अंगणात मेन स्टँडवर लावली, तिला वर बसवलं आणि पायाखाली विटा रचल्या.

“एक काढा,” ती म्हणाली. काढली. तिचे गुडघे सैलावले. मी टेप लावून उंची मोजत होतो तेव्हा ती हळूच म्हणाली, “आवं, दोनीकडं पाय टाकून बसले तर?”

मी वर बघितलं. “गावातून?”

“गावातूनच. सायलीचा पंजाबी ड्रेस हाय की घरात.” सायली आमची लेक, लग्न होऊन पुण्याला असते.

मला वाटलं, बाईनं जगायचं मनावर घेतलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बीडच्या वाटेवर मांजरसुंब्याला धुळाजीचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यानं आधी चकाकणारे, दातेरी फुटरेस्ट काढले. बुटाला ठीक, तिच्या सुजलेल्या तळपायांना टोचले असते. दुसरे रबरी होते पण अरुंद. टाच टेकली की बोटं अधांतरी. तिसरे रुंद, जाड रबराचे, ते मला पसंत पडले. पण उंची जुन्याइतकीच. मग शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून पट्टी जोडून ते विटेच्या मापानं खाली घेतले. उजवीकडं सायलेन्सर, तिथं पाय भाजेल म्हणून ती बाजू थोडी बाहेर काढायला लावली. दोनदा काढून पुन्हा बसवली.

“कशापायी एवढं बघताय आण्णा,” धुळाजी वैतागला, “मागं बसनाराचंच तर हाय.”

“म्हणूनच बघतोय,” मी म्हणालो.

मंगळवारी ती लेकीचा ड्रेस घालून, दोन्हीकडं पाय टाकून बसली. पारावर नेहमीची मंडळी होती. तिनं दोन्ही हात माझ्या कमरेभोवती घातले. त्यातल्या म्हाळूची तंबाखू मळायची थांबली. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, छातीही फुगली.

“पाय?” मी विचारलं.

“लई बरं वाटतंय.”

मांजरसुंब्याच्या चौकात बीडसाठी उजवीकडं वळायचं. मी इंडिकेटर दिला.

“वळू नका,” ती मागून म्हणाली. “सरळ घ्या, पाटोद्याकडं.”

पाटोद्याच्या पुढं तिचं माहेर. तिची आई, बायनाबाई, अजून आहे. लेकीला काय झालंय हे म्हातारीला कुणी सांगितलेलं नाही.

“उद्या जाऊ. आज डायलिसिस आहे.”

“म्हनूनच आज. तिथं आता न्हाई जायाचं मला. परत कवाच न्हाई. आईला माज्या तोंडानं सांगते, चार दिस तिच्यापशी ऱ्हाते.”

मी गाडी ढाब्याच्या कडेला घेतली. अशा वेळी मला फक्त रागच सुचतो. “मग पायाचं गाऱ्हाणं कशाला केलंस? एवढी खटपट मी कशासाठी केली?”

ती माझ्या पाठीला डोकं टेकून म्हणाली, “त्या दिशी बास म्हनलते, ते खरंच म्हनलते. पर तुमचं तोंड बघितलं आन पायाचं पुढं जोडलं. तुमाला कायतरी करता यावं म्हनून.”

मला रडू आलं. तिला तसंच उचलून बीडला न्यावं असंही वाटलं. न्यायला हवं होतं का, हे मला आजही कळत नाही.

“अर्ध्या तासावर आहे दवाखाना,” मी म्हणालो.

“ठाव हाय.”

उजवीकडचा इंडिकेटर अजून चालूच होता. मी तो बंद केला आणि पाटोद्याचा रस्ता धरला.