दगडाला विटाळ होत नाही

मी एक जुना दगडी पेला आहे. जुना म्हणजे किती? मित्रांनो, तुमच्या पणजोबांचे पणजोबासुद्धा माझ्यापुढे अगदी तान्हे! जेरुसलेमजवळच्या खाणीत एका पाथरवटाने मला मऊ चुनखडीतून कोरलं. त्याच्या छिन्नीचे घाव अजून माझ्या अंगावर आहेत.

तेव्हा, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, तिथे ज्यूंचं मोठं मंदिर होतं, पण राज्य मात्र रोमनांचं. राज्य हातात नाही, म्हणून की काय, लोक शुद्धता जिवापाड जपत. मातीचं भांडं बाटलं की फोडावं लागे. दगड मात्र बाटत नाही, असं त्यांचं धर्मशास्त्र सांगे. मग काय, घरोघरी माझाच थाट! आणि हो, प्रेताला शिवलेला माणूससुद्धा विधी करून पुन्हा शुद्ध होई. विटाळ धुतला की जाई.

पुढे बंड झालं. रोमनांनी शहराला वेढा घातला. आणि आत? आत ज्यूंचेच गट एकमेकांवर तुटून पडले, धान्याची कोठारंसुद्धा जाळली! उपाशी शहर पडलं, मंदिर जळलं. मला धुणारे हात परत आलेच नाहीत. मी राखेत पडून राहिलो.

पुढे कधीतरी उत्खननात सापडलो आणि २००६ साली जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग शहरात एका प्रदर्शनात आलो. काचेची पेटी, वर दिवा, एकदम व्हीआयपी! एका रविवारी काही मराठी कुटुंबं मला बघायला आली.

"आडनाव काय गं तुझं? सहज विचारते," त्यांच्यातल्या स्नेहलताकाकू नव्यानेच भेटलेल्या शाळकरी क्षमाला म्हणाल्या.

"सरळ विचारा ना काकू. आम्ही बौद्ध आहोत."

"अगं, तसं नाही गं!"

तेवढ्यात गाईडबाईंनी माझ्यासारखाच एक नवा दगडी पेला पाण्याने भरून मुलांना दिला. क्षमा आधी प्यायली आणि तिने तो काकूंच्या मुलापुढे, राजसपुढे धरला.

"राजस, नको. तुझी बाटली आहे ना?"

"आबर वारुम, आई?" का म्हणून, असं त्याने जर्मनमध्ये विचारलं.

"उष्टं पिऊन सर्दी होते."

"मघाशी मी मीनलचा उष्टा ज्यूस प्यायलो की!"

"गप्प बस."

"काकू," क्षमा म्हणाली, "दगडाला विटाळ होत नाही. तिथे पाटीवर लिहिलंय."

सगळे एकदम माझ्याकडे बघू लागले. इतकं टक लावून मला कधीच कुणी पाहिलं नव्हतं. क्षमाकडे बघायला लागू नये ना, म्हणून!

क्षमाने उरलेलं पाणी एकटीने संपवलं.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. मला कुलूप आहे, पहारेकरी आहे. पण तुमच्यापुढे कुणी पेला धरला, तर तो घ्या. त्या दिवशी राजसने मान खाली घालून बाटली उघडली. तहान नव्हती, तरी प्यायला.