एकतीस हजारांनी पाहिलेला पाट

मी खवणीचा पाट बोलतोय. एकतीस हजार माणसांनी मला पाहिलं आणि त्यातल्या एकानेही माझी चौकशी केली नाही. म्हणून तोंड उघडावं लागलं.

जात नीरफणसाची. सामोआत, सावाइई बेटावर, चाळीस वर्षांमागे वादळात झाड पडलं आणि आपेरामोच्या बापाने त्याच दिवशी त्याला कुऱ्हाड लावली. चार पाय, पुढे चोच, चोचीला ट्रकच्या मोडक्या पट्टीचा दातेरी तुकडा. माझ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि अर्धा नारळ दातावर फिरवायचा. माझं शिक्षण एवढंच.

म्हातारा गेला, त्याची घराण्याच्या प्रमुखाची पदवी आपेरामोला मिळाली, तो गावच्या पंचांत बसायला लागला. मी आलो त्याच्या बायकोकडे, सिनापातीकडे. तिचं वजन मी तीस वर्षं उचललंय. ते वाढत गेलं. मी कधी कुरकुर केली नाही. हल्लीच्या वस्तू करतात.

पुढे सिनापाती आणि गावातल्या पाच बायकांनी खोबरेलाची कंपनी काढली. कंपनी म्हणजे पत्र्याची शेड, एक दाबयंत्र आणि मी. तेल एक नंबर. पण एकच साबणवाला घ्यायचा, तोही दुसरीकडे वळला. बाटल्या भरून नुसत्या उभ्या.

तेव्हा मुलगी, लेइतू, म्हणाली, "आई, व्हिडिओ टाकू. लोक बघतील, मागवतील. महिन्यात गिऱ्हाईक नाही आलं, तर मी चालले ऑकलंडला. मामेबहीण कोंबड्या पॅक करायच्या कारखान्यात लावून देतेय. तिकीट काढलंय, महिनाअखेरच्या गुरुवारचं."

सिनापाती म्हणाली, "बरं."

त्या दिवशी तिने रोजच्यापेक्षा बावीस नारळ जास्त खवले. कशासाठी, ते मला कळलं. ती माझ्यावरच बसली होती.

पहिल्या व्हिडिओत आपेरामो बोलला. आमच्याकडे मोठ्या माणसाने बोलायचं तर आधी पदव्या, मग पूर्वज, मग शास्त्रवचन, मग विषय. अठराव्या मिनिटाला तेलाचं नाव आलं. चौदा जणांनी पाहिलं, चौदाही नात्यातले. खाली लिहिलं होतं, "काका बारीक दिसतात."

मग लेइतूने राजधानीतून फिलेमोनी नावाचा जाणकार आणला. पांढरे बूट. आमच्या अंगणात पांढरे बूट.

"काका, पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला तर थांबला," तो म्हणाला.

"तीन सेकंदांत मी घसासुद्धा खाकरत नाही," आपेरामो म्हणाला.

फिलेमोनीने माझ्याकडे पाहिलं. "हे कळकट काढा. गिऱ्हाईक पळेल." मला वळचणीला टाकलं आणि चकाकतं स्टीलचं स्टूल आणलं. वळचणीला तांबडी कोंबडी माझ्यावर अंडी घालायला लागली. अकरा दिवस. माझ्या आयुष्यात याहून वाईट दिवस आले नाहीत, पण ऊब होती, हे मान्य करतो.

स्टूलवर सिनापाती बसली तसं ते एका बाजूला झुकलं आणि झुकलेलंच राहिलं.

"मावशी, जरा हलकं बसा ना."

"हलकं बसायला मी काय माशी आहे?"

मला परत आणलं. धुतलं मात्र नाही.

महिना संपत आला, तरी फिलेमोनीने हसवून काढलेले व्हिडिओही कोणी पाहीना. शेवटचा उपाय म्हणून थेट व्हिडिओ ठरला. लेइतूने ऑकलंडच्या, सिडनीच्या सगळ्या चर्चमंडळांना, रग्बीच्या क्लबांना, आत्या-मावश्यांना निरोप धाडले. प्रत्येकाने दहा जणांना सांगायचं. व्हिडिओखालीच तेल मागवायची सोय केली. वेळ संध्याकाळी सहा. साडेसहाला उरकायचं, कारण पावणेसातला सिलिंडर वाजतो.

आमच्या गावात गॅसचा रिकामा सिलिंडर हातोडीने बडवतात. तो वाजला की सगळ्यांनी घरात, प्रार्थनेला. तिसऱ्यांदा वाजेपर्यंत रस्त्यावर, अंगणात कोणी हलायचं नाही. हलला की गावाला एक डुक्कर दंड. गेल्या वर्षी आपेरामोने सख्ख्या भावाकडून घेतला.

सहा वाजले. लेइतूने फोन तिकाटण्यावर लावला. मी मधोमध, बाजूला नारळांचा ढीग. आपेरामो पुढे आला. "फक्त दोन शब्द."

पावणेसातला तो आजोबांपर्यंत पोचला होता. सिलिंडर वाजला.

सगळे उठले. लेइतू फोनकडे धावली.

"लेइतू. आत."

"बाबा, बंद तरी करू दे! लोक बघताहेत!"

"डुक्कर तू देणार?"

ती आत गेली. आमच्याकडे घराला भिंती नसतात, नुसते खांब आणि छप्पर, त्यामुळे ती खांबाशी बसून फोनकडे कशी बघत होती ते मला दिसत होतं. सिनापाती तिच्याकडे बघत होती. दोघींचे ओठ मात्र स्तोत्र म्हणत होते.

अंगणात मी, अर्धा नारळ आणि फोन. कोंबडीला गावचा नियम लागू नाही. ती आली, माझ्यावर चढली, तीनदा गोल फिरली आणि बसली. आमच्या घरातून गाणं, शेजारून गाणं, मग अख्ख्या गावातून. कोंबडीने अंडं घातलं. ते माझ्या उतारावरून घरंगळत गेलं आणि दातापाशी थांबलं. बावीस मिनिटं. मी काहीही केलं नाही.

सिलिंडर तिसऱ्यांदा वाजला तशी लेइतू धावत आली. एकतीस हजारांचा आकडा बघून खालीच बसली. एका नर्सने लिहिलं होतं, "कामावरून आले, हे लावलं आणि रडले." एकाने विचारलं होतं, कोंबडी विकायची आहे का. आणि तेलाला तीनशे चाळीस मागण्या. आमच्याकडे बाटल्या नव्वद.

फिलेमोनीचा फोन आला. "काका, परत करू! उद्या दुपारी, ऊन चांगलं असतं. तुम्ही प्रार्थना म्हणा, कोंबडी मी धरून बसवतो."

"दुपारी देव झोपतो," आपेरामो म्हणाला. "तूही झोप."

पण तिकीट लेइतूने परत केलं नव्हतं. गुरुवार उजाडला. बॅग खांबाला टेकून उभी. सिनापाती माझ्यावर बसून खवत होती. बस आली, भोंगा वाजला. सिनापातीने मान वळवली नाही. हातातल्या करवंटीतलं खोबरं कधीच संपलं होतं. तरी ती फिरवत राहिली. पांढऱ्या खोबऱ्यावर तपकिरी भुसा पडत होता. तीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं.

बस परत वाजली. लेइतू आली, आईच्या हातातून करवंटी काढून घेतली.

"आई, लाकूड खवतेस. तीनशे चाळीस बाटल्या अशा भरायच्या? ऊठ."

सिनापाती उठली. लेइतू माझ्यावर बसली. बस गेली. पोरगी अजून हलकी आहे, बसेल हळूहळू.

आता माझे दात बोथट झालेत, एक पाय डुगडुगतो. कोंबडी सोडत नाही. एकच मागणं आहे. नुसतं बघून पुढे सरकू नका. तुमच्या कौतुकाने बाटल्या रिकाम्या होत नाहीत. खाली तेलाचं चित्र आहे, त्यावर बोट ठेवा, म्हणजे पुढच्या गुरुवारीही ती बस लेइतूला न घेताच जाईल.

आणखी दोन शब्द बोललो असतो. पण सिलिंडर वाजला.