काही ठिकाणी जोरदार हिमवर्षाव

राष्ट्रीय हवामान केंद्राचा दोन दिवसांचा अंदाज नॉर्बर्ट विल्कोश रोज सकाळी वाचायचा, पण भाऊबंदाची नोटीस वाचावी तसा. कोणत्या शब्दाखाली काय दडवलंय ते शोधत. आजच्या अंदाजात अर्धा देश गारठला होता. पश्चिमेच्या डोंगरांत वादळ, मधल्या मैदानांत हाडं फोडणारे वारे, आणि त्याच्या वाट्याला एकच ओळ: दुपारनंतर ईरी सरोवराच्या पूर्वेला काही ठिकाणी विजांसह जोरदार हिमवर्षाव.

"काही ठिकाणी म्हणजे कुठे?" त्याने सेक्रेटरीला विचारलं.

"ते त्यांना ठाऊक असतं तर 'काही' कशाला लिहिलं असतं?" रोझॅन म्हणाली आणि तिने स्पंज कँडीचा तुकडा तोंडात टाकला.

नॉर्बर्ट हा डनलॅप गावातल्या शाळांचा सुपरिंटेंडंट. बर्फामुळे शाळा लवकर सोडायची की नाही, हे ठरवायचा अधिकार त्याचा एकट्याचा. या हिवाळ्यात त्याने तो दोनदा वापरला आणि दोन्ही वेळा बर्फ शेजारच्या गावांत पडून डनलॅपला लख्ख ऊन पडलं. पालकांनी काळे चष्मे लावून अंगणात पहुडलेल्या पोरांचे फोटो त्याला प्रेमाने पाठवले. गुरुवारी शाळा मंडळ त्याची नेमणूक पुढे चालू ठेवायची का यावर मत देणार होतं. "तिसऱ्यांदा ऊन पडलं तर दुसरा माणूस बघावा लागेल," असं अध्यक्षांनी चर्चमधल्या शुक्रवारच्या जेवणात, तळलेल्या माशावर लिंबू पिळता पिळता सांगून टाकलं होतं.

त्या किनाऱ्यावर एक रीत होती. कोणीही आपण होऊन पहिली शाळा सोडायची नाही, आधी शेजारच्या गावाला फोन करायचा. एकाने सोडली की बाकीचे मागोमाग सोडायचे आणि ऊन पडलं तर सगळं खापर पहिल्याच्या डोक्यावर फुटायचं. त्यामुळे फोनवर सगळेच शूर असत.

दुपारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. नॉर्बर्टने शेजारच्या वेस्ट ऑर्चर्ड गावच्या सुपरिंटेंडंटबाईंना, मार्लीनला, फोन लावला.

"काय ठरवलंस?"

"आधी तू सांग. फोन तू केलायस."

"मी? मी शाळा चालू ठेवतोय. आभाळ बघ की जरा."

"खरंच?"

"अगदी नक्की," नॉर्बर्ट म्हणाला. त्याने अजून काहीच ठरवलं नव्हतं.

"मग मीही ठेवते. तू म्हणतोयस तर."

तिच्या आवाजामागे काहीतरी घुरघुरत होतं. डिझेलची इंजिनं, एक नव्हे, पुष्कळ. त्याने फोन हळूच ठेवला.

"बाईने बसेस काढल्यात. पोरं घरी धाडतेय आणि मला सांगतेय चालू ठेव. म्हणजे संध्याकाळी बर्फात अडकलेली पोरं माझी, आणि टीव्हीवर शहाणी ती."

"थंडीत डिझेल गोठू नये म्हणून बसेस दुपारपासून चालूच ठेवतात," रोझॅन म्हणाली. "आपल्याकडच्या त्या नियमावर तुमचीच सही आहे. तिलाच सरळ विचारा ना."

"विचारलं तर ती खरं सांगणार आहे?"

"तुम्ही सांगितलंत?"

नॉर्बर्टने माईक ओढून शाळा सुटल्याचं जाहीर केलं.

डनलॅपची पोरं घरी पोचली आणि सरोवरावरून करडी भिंत उठली. तिच्या पोटात विजा होत्या. गावाच्या वेशीपर्यंत येऊन ती दक्षिणेला वळली आणि वेस्ट ऑर्चर्डवर कोसळली. डनलॅपला पीठ चाळल्याइतकं पडलं, मग ऊन. अर्ध्या चड्डीत मांस भाजणाऱ्या एका बापाचा फोटो संध्याकाळच्या आत त्याच्याकडे पोचला.

वेस्ट ऑर्चर्डच्या बसेस आवारातच गाडल्या गेल्या. सगळी पोरं शाळेतच, कुस्तीच्या गाद्यांवर झोपली. मार्लीन टीव्हीवर दिसली. धीर देत होती, पण आवाज पार बसला होता.

सकाळी तिचाच फोन आला. मागे पॅनकेकसाठी कल्लोळ चालला होता.

"तुझी पोरं घरी होती म्हणे."

"हो."

"मला म्हणाला होतास, चालू ठेवतोय."

"तुझ्या बसेसचा आवाज आला मला. वाटलं, तू..."

"थंडीत डिझेल गोठतं, नॉर्बर्ट. पहिलीतल्या पोराला माहीत आहे. आमच्या एका मुलीचं रात्रीचं इन्सुलिन घरी राहिलं होतं. बर्फावरच्या स्कूटरवरून शेरीफने आणलं, म्हणून निभावलं. मी तुझ्या शब्दावर राहिले होते."

माफी मागावी असं नॉर्बर्टला वाटलं, पण तिच्याशी बोलताना ते वाक्य त्याने कधी वापरलं नव्हतं आणि जिभेवर बसेना.

"तुमच्या अध्यक्षांचा फोन आला होता," मार्लीन म्हणाली. "आज मतदान ना? विचारत होते, हा माणूस भरवशाचा आहे का. विचार करून कळवते म्हटलं. काय सांगू?"

एक शब्द टाकला असता तर तिने कदाचित सांभाळून घेतलं असतं. जुनी ओळख होती. नॉर्बर्टने खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. गादीवर झोपलेली ती मुलगी काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"खरं काय ते सांग त्यांना," तो म्हणाला.

पलीकडे तिने पोरांना गप्प केलं.

"हे बघ," मार्लीन म्हणाली, "यात तुझा डाव काय आहे?"