पीडीएफमध्ये न उतरणारं नाव

मारोतराव कापगत्यांच्या घरात काहीही बिघडलं की आधी माणूस दोषी ठरायचा आणि मग वस्तू. मिक्सर जळला तर तो प्रेमलानं जास्त वेळ चालवला म्हणून, नळ गळायला लागला तर तो शिल्पानं जोरात पिळला म्हणून. कम्प्युटरला मात्र हा नियम लागू नव्हता, कारण कम्प्युटर, म्हणजे घरातला एकुलता लॅपटॉप, एकटे मारोतराव वापरायचे. तिथं बिघडायचा तो कम्प्युटरच.

त्यांची सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या एका ऑफिसात टायपिंग करण्यात गेली होती आणि रिटायर झाल्यावरही ते घरी ऑफिससारखंच काम करायचे. वर्ड उघडलं की पहिल्यांदा ती उलट्या 'पी'सारखी खूण दाबायची. मग स्क्रीनवर प्रत्येक मोकळ्या जागेला ठिपका दिसतो आणि दोन शब्दांत कोणी चुकून दोन जागा सोडल्या असतील तर लगेच पकडता येतात. मारोतरावांनी आयुष्यात अशा पुष्कळ जागा पकडल्या होत्या. त्याचं कौतुक कोणी केलं नव्हतं, पण त्यांनी पकडणं सोडलं नाही.

तर आता धाकट्या शिल्पाचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिका करायची होती. मोठ्या निखिलच्या लग्नाच्या पत्रिकेची फाइल जपून ठेवलेलीच होती. तीच उघडायची, मुलगा-मुलगी बदलायचे, तारीख बदलायची, की झालं. अडचण एकच होती आणि ती कम्प्युटरच्या बाहेरची होती. तिचं नाव जानराव.

जानराव म्हणजे मारोतरावांचे थोरले भाऊ. प्लांटमध्ये क्रेन चालवायचे, आता भिलाईजवळच बोरसीला राहतात. दोघांच्या बापाची तेरवी दोनदा झाली होती. जानरावांचं म्हणणं, तेरवी तुमसरजवळच्या आपल्या गावातच झाली पाहिजे. मारोतरावांचं म्हणणं, सगळे नातेवाईक भिलाईत असताना गावात जेवायला कोण येणार. शेवटी एकाच दिवशी एकानं गावात केली, दुसऱ्यानं भिलाईत कॅम्प-वनमध्ये, आणि दोन्हीकडे भरपूर अन्न उरलं. त्यानंतर बोलणं बंद. निखिलच्या लग्नात पत्रिकेवर थोरल्या भावाचं नाव नव्हतं. पत्रिका तेवढी पोस्टानं पाठवली होती. जानराव आले नाहीत.

मधल्या काळात कलावती वहिनी, म्हणजे जानरावांची बायको, वारल्या. मारोतराव घाटावर गेले, मागं उभे राहिले आणि न बोलता परत आले. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि का जेवले नाहीत हेही त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

या वेळी मात्र प्रेमलानं ऐकलं नाही. "शिल्पाले सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत कोण नेत होतं? ते नाई आले तं पोरगी मंडपात रडन. जा तुमी." मारोतराव गेले. जानरावांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पत्रिकेत नाव टाक. वरतं. मंग येतो."

घरी येऊन मारोतरावांनी जुनी फाइल उघडली तर 'विनीत' या शब्दाखाली पहिल्याच ओळीत 'श्री. जानराव व सौ. कलावती कापगते' असं आधीच लिहिलेलं. म्हणजे हा निखिलच्या वेळचा पहिला मसुदा असावा, असं त्यांना वाटलं. टायपिंगचे कष्ट वाचले. त्यांनी जड हातानं 'व सौ. कलावती' एवढं काढलं, बाकी राहू दिलं. नावाखाली बारीक ठिपक्यांची रेघ दिसत होती, ती कम्प्युटर मराठी नावाखाली नेहमीच काढतो ती असणार. सगळं तीनदा वाचलं. पीडीएफ केली, शिल्पाला दिली, शिल्पानं ती कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून दिली.

थोड्या वेळानं ग्रुपवर जानरावांचं उत्तर आलं. नुसते जोडलेले हात. इतर लोक शुभेच्छा म्हणून हात जोडतात. कापगत्यांच्या घराण्यात हात जोडले म्हणजे विषय संपला.

"बाबा," शिल्पा म्हणाली, "मोठे बाबांचं नाव किधर है इसमें?"

नव्हतं. 'विनीत'च्या खाली थेट 'श्री. मारोतराव व सौ. प्रेमला'. मध्ये रिकामी जागासुद्धा नाही. आणि कम्प्युटरवर पाहिलं तर नाव ठळक, जागच्या जागी.

जानराव फोन उचलेनात. छापखान्याला दुसऱ्या दिवशी फाइल द्यायची होती आणि पोरीच्या लग्नात तिचा मोठा बाप येणार की नाही हे आता एका ओळीवर अडलं होतं. मारोतराव कामाला लागले.

पहिल्यांदा पुन्हा पीडीएफ केली. नाव नाही. शिल्पा म्हणाली, फॉन्ट पीडीएफमध्ये बसत नसेल, तो सोबत घालायचा एक पर्याय असतो. तो लावला. फॉन्ट बसला, जानराव बसले नाहीत. समास कमी केले. नाव मोठं केलं, जाड केलं, शेवटी लाल केलं. स्क्रीनवर जानराव लालबुंद दिसत होते आणि पीडीएफमध्ये त्यांचा पत्ता नव्हता. मग ते नाव खोडून त्याच जागी नव्यानं टाइप केलं. मग ती ओळ उचलून आपल्या नावाखाली ठेवली. तिथूनही गायब. जिथं ठेवावं तिथून गायब.

पुण्याहून निखिलनं फोनवर कम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. तो इंजिनियर होता.

"मले तं वाटते," प्रेमला कणीक मळता मळता म्हणाली, "त्याइची नाराजी कम्प्युटरलेबी समजली."

"कम्प्युटरले काई समजत नाई," मारोतराव म्हणाले. "म्हनूनच तं बिघडते."

पेन ड्राइव्ह घेऊन ते सिविक सेंटरच्या बाजारात गेले. तिथं चंदन नावाच्या मुलाचं टायपिंग-प्रिंटिंगचं दुकान होतं. त्यानं फाइल उघडली आणि मारोतराव दचकले, कारण आता नाव स्क्रीनवरसुद्धा नव्हतं.

"अंकल, इसमें तो नाम हैच नहीं."

"मेरे घर में है."

चंदननं त्यांच्याकडं असं पाहिलं जसं घरच्या म्हाताऱ्यांकडं पाहतात, आणि पाणी विचारलं. मग एक उपाय सुचवला: छापून घ्या आणि नाव पेनानं लिहा, अक्षर चांगलं असेल तर कळणार पण नाही.

स्क्रीनवर ठिपके नसल्यामुळं मारोतरावांना आधीच अस्वस्थ वाटत होतं. त्यांनी सवयीनं माउस हातात घेतला आणि ती उलट्या 'पी'ची खूण दाबली. ठिपके आले. ठिपक्यांबरोबर जानराव आले. त्यांनी खूण पुन्हा दाबली. ठिपके गेले, जानराव गेले. पुन्हा दाबली. आले.

चौथ्यांदा दाबायची गरज पडली नाही. त्यांना आठवलं.

त्यांच्या ऑफिसात एक रीत होती. साहेब सकाळी म्हणायचे, कमिटीच्या यादीतून अमक्याचं नाव काढा. दुपारी कोणाचा तरी फोन यायचा आणि साहेब म्हणायचे, घाला परत. रोज खोडून रोज टाइप कोण करणार? म्हणून मारोतरावांनी नाव खोडणंच बंद केलं होतं. फॉन्टच्या खिडकीत 'हिडन' नावाचा एक चौकोन असतो. नाव निवडायचं, त्या चौकोनात टिक करायची. कागदावर नाव उमटत नाही, पण फाइलमध्ये राहतं. ठिपके चालू असले तर स्वतःला दिसतंही. दुपारी फोन आला की टिक काढायची. अख्ख्या ऑफिसात ही युक्ती एकट्या त्यांना येत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

निखिलच्या लग्नात त्यांनी भावाचं नाव असंच झाकलं होतं. रागानं झाकलं होतं, पण झाकलंच होतं, कारण दुपारी फोन येईल असं कुठंतरी वाटत होतं. फोन आला नाही. आणि एकदा झाकलेल्या जागी नवं काही टाइप केलं तर तेही झाकूनच राहतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"मिला क्या एरर, अंकल?" चंदननं विचारलं.

"मिला," मारोतराव म्हणाले आणि पेन ड्राइव्ह काढून घेतला.

घरी प्रेमलानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांगा न मंग का कम्प्युटरमधी बिघाड होता. सारे तसंच सांगतेत."

मारोतरावांनाही तेच सोपं वाटत होतं. टिक काढायची, नवी पीडीएफ पाठवायची, कम्प्युटरच्या नावानं बोटं मोडायची. पण त्यांनी टिक काढली नाही. लॅपटॉप पिशवीत घातला आणि ऑटो करून बोरसीला गेले.

जानराव ओसरीत खुर्चीवर बसले होते. पोरगी लग्न होऊन राजनांदगावला गेल्यापासून आणि वहिनी गेल्यापासून ते एकटेच असायचे. दुसरी खुर्ची आत होती, ती त्यांनी आणली नाही. मारोतराव पायरीवर बसले.

"कम्प्युटर बिघडला होता म्हनून सांगाले आला काय?"

"नाई," मारोतराव म्हणाले. "मी आलो सांगाले का मीनंच केलं. आता नाई, निखिलच्या लग्नात. तुयं नाव खोडलं नोतं दादा, लपवलं होतं. तेच लपून राह्यलं." आणि त्यांनी मांडीवर लॅपटॉप उघडून खूण दाबली. नाव गेलं. दाबली. नाव आलं.

जानरावांनी चष्मा लावला. "पुन्हा दाब."

मारोतरावांनी दाबली.

"म्हंजे त्या पत्रिकेतबी होतो मी?"

"होता. दिसत नोता."

"एकटाच?"

"नाई. वहिनीबी होती. तुया बाजूलेच. तिचं नाव मी आत्ता काढलं, या बारीले."

जानरावांनी चष्मा काढून पुसला आणि हातातच ठेवला.

"निखिलची पत्रिका आली तवा तिनं पुरी वाचली," ते म्हणाले. "मंग उलटी करून मांगून पाह्यली. मांगं कोरं होतं. मंग पाकिटात हात घालून पाह्यलं. मी म्हनलं, काय पाहून राह्यली? तं म्हने, असन कुठंतरी आपलं नाव. भावजी आपल्याले इसरनार नाई."

मारोतरावांना रडू आलं. ते पायरीवर बसून, लॅपटॉप मांडीवर तसाच ठेवून रडले. जानरावांनी त्यांना थांबवलं नाही आणि पाठीवर हातही ठेवला नाही.

रडणं ओसरल्यावर जानराव म्हणाले, "टाक तिचं नाव."

"कै. लावा लागन."

"लाव."

मारोतरावांनी टाइप केलं. पूर्ण ओळ निवडली, चौकोनातली टिक काढली आणि तिथंच पायरीवर पीडीएफ करून पाठवली. जानरावांचा फोन वाजला. त्यांनी दोन बोटांनी पत्रिका मोठी करून नाव पाहिलं.

"हळदीले येतो मी," ते म्हणाले. "बस तू, चाय ठेवतो."

ते फोन घेऊन आत गेले. चहाच्या भांड्याचा आवाज काही आला नाही. त्याऐवजी आतून पत्रिका वाचल्याचा आवाज यायला लागला, मोठ्यानं, सावकाश, 'श्री गणेशाय नमः'पासून, एकेक शब्द, समोर बसलेल्या माणसाला वाचून दाखवावी तसा. घरात दुसरं कोणी नव्हतं.