एका खात्यातल्या दोघी

गेम किती खपला, याचं खेळणाऱ्याला काय घेणं? साकोलीच्या मनालीचं हे ठाम मत होतं. दही गोड लागलं की झालं, गवळ्याचा धंदा कसा चाललाय हे कोण विचारत बसतं? तिचा मोठा भाऊ विनोद मात्र गेमच्या विक्रीचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे सांगत फिरायचा.

“तुझा ‘लँटर्न बे’ आपटला व,” तो जेवताना म्हणायचा. “कोणी घेऊनच नाही राहिलं.”

“तुयी कंपनी आहे का दादा? कायले झुरून राहिला? भाजी दे इकडं.”

तळ्याकाठी आपलं गाव वसवायचं, एवढाच तो खेळ. मनाली आणि तिच्या बाकावरची कामिनी, दोघींनी राखीचे पैसे एकत्र करून तो घेतला होता. दोघींत एकच, एकाच खात्यावर. गल्लीत एक पेपर चार घरं वाचतात, तसंच हे. पुढे कामिनीचे आईवडील कामासाठी सुरतला गेले, तीही गेली. खातं दोघींचंच राहिलं.

पण आत एका वेळी एकीलाच जाता यायचं. दुसरी आली की पहिली बाहेर. म्हणून सकाळ कामिनीची, संध्याकाळ मनालीची. कामिनी तळ्याकाठी धान रोवून जायची, मनाली त्याला पाणी द्यायची. फोनवर कामिनी “बरी आहो” एवढंच म्हणायची. खरी खबर खेळात कळायची. तिचं मन लागत नसलं की घराच्या दारातला कंदील विझलेला असायचा. मग मनाली तो लावून ठेवायची. आत त्या दोघी कधी भेटल्या नव्हत्या, तरी त्या घरात दोघी राहत होत्या.

आणि एक दिवस सूचना आली. विक्री फार कमी, म्हणून रविवारी संध्याकाळी सहाला खेळ कायमचा बंद.

“पण आमी खेळतो ना, दादा. रोज खेळतो.”

विनोदनं या वेळी टोमणा मारला नाही. “तुमी दोघी कंपनीले एकच दिसता, मने. घेतला एकच ना.”

आणखी एक घेतला असता म्हणून खेळ वाचला नसता, हे मनालीला कळत होतं. पण आपल्यासारख्या वाटून खेळणाऱ्या आणखी किती असतील, ज्या त्या आकड्यात कुठेच नव्हत्या? आकडा आपला नाही म्हणून तिनं तो झटकला होता. घर मात्र त्याच आकड्यावर उभं होतं.

रविवारी तिनं पिकलेलं धान कापलं, दारात कंदील लावला आणि तिथेच थांबली. शेवटपर्यंत थांबायचं ठरवलं होतं तिनं. सहा वाजायला आले, तेव्हा कामिनीचा फोन आला.

“आई आत्ता आली कामावरून. तिच्या फोनवर गेम उघडतो, बाबाच्या फोनवरून बोलून राहिली. तू आत आहेस का?”

ती आली की मनाली बाहेर, आणि परत यायला वेळ उरणार नव्हता. मनालीनं कंदिलाकडे एकदा पाहिलं.

“नाही व. मी कवाचीच बाहेर आली. ये तू.”

मनालीच्या पडद्यावरून तळं गेलं.

“कंदील लावला तू,” कामिनी म्हणाली.

“हो.”

“धान कापलं?”

“सारं.”

“मग मी दारात बसतो.”

फोनमधून तळ्याच्या पाण्याचा बारीक आवाज येत होता. मग तो आवाज थांबला. तरी मनालीनं फोन कानावरून काढला नाही, आणि पलीकडून कामिनीनंही ठेवला नाही.